दहा केबीला साडेपाच रुपये फक्त

साडेपाच रुपये ही काय रक्कम झाली? साडेपाच रुपयांत वडापावातला पाव येईल, वडा येणार नाही. लोकलचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं तर आठ आणे उरतील. आणि परदेशात कुठलाही खास पॅक न घेता फोनचा डेटा चालू ठेवला, तर दर दहा केबीला साडेपाच रुपये, या मापाचे दर आपल्याकडच्या दरपत्रकांत बारीक अक्षरांत छापलेले असत. वाचणारा वाचायचा आणि मनात म्हणायचा, दोन-अडीच लाख घालून फिरायला निघालोय, साडेपाच रुपयांचं काय घेऊन बसलात!

तर चला, आपण ते साडेपाच रुपयेच घेऊन बसू. कॅलक्युलेटर जवळ ठेवा, आणि त्यात आकड्यांच्या बारा जागा आहेत ना, ते आधी बघून घ्या.

एका एमबीत १,०२४ केबी. म्हणजे दहा-दहा केबीचे १०२ घास आणि वर थोडं. एका एमबीचे झाले ५६३ रुपये २० पैसे. एका जीबीत १,०२४ एमबी. पुन्हा गुणा. ५ लाख ७६ हजार ७१६ रुपये आणि ८० पैसे! एका जीबीचे! ऐंशी पैसेसुद्धा सोडलेले नाहीत.

आता घरचा भाव आठवा. दूरसंचार नियामक ट्रायच्या आकडेवारीत २०१४ साली भारतात एका जीबीची सरासरी किंमत २६९ रुपयांच्या आसपास होती. मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, बाजार उलटापालटा झाला, आणि घसरत घसरत हा भाव आला दहा रुपयांच्या घरात. दहा रुपये जीबी! तोच फोन, तेच सिम, तोच माणूस. विमानतळावर शिक्का बसला की दहाचे पावणेसहा लाख. भागाकार करा: ५७,६७१ पट.

सत्तावन्न हजार पट हे नुसतं वाचून डोक्यात शिरत नाही. म्हणून एक रिक्षा आणू. आपली तीनचाकी रिक्षा लांबीला साधारण दोन मीटर साठ सेंटीमीटर भरते. घरचा भाव म्हणजे ही एक रिक्षा. आता तिच्यामागे दुसरी लावा, नाकाला शेपूट चिकटवून. तिच्यामागे तिसरी. दादर गेलं, चेंबूर गेलं, वाशीचा पूल गेला. दहा हजार रिक्षा लागल्या तेव्हा कुठे सव्वीस किलोमीटर झाले. पनवेल, खालापूर, मग घाट. घाटातही रिक्षाच रिक्षा. लोणावळा, तळेगाव, वाकड. सत्तावन्न हजार सहाशे एकाहत्तरावी रिक्षा उभी राहते तेव्हा आपण दीडशे किलोमीटर येऊन थेट पुण्यात पोचलेलो असतो! घरचा दर एक रिक्षा, सीमेपलीकडचा दर मुंबई ते पुणे. (मीटरने या असं कुणी म्हणू नये.)

लांबी झाली, आता पाणी मोजू. एक केबी म्हणजे पाण्याचा एक थेंब धरा. मिलिलिटरला वीस थेंब, हा औषधाच्या ड्रॉपरचा जुना हिशेब. एक एमबी म्हणजे मग अर्धा कप. एक जीबी म्हणजे ५२ लिटर, तीन हंडे. डेटा वापरणारा सरासरी भारतीय माणूस महिन्याला वीस जीबीच्या आसपास डेटा वापरतो, म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी, दर महिन्याला एक, प्रत्येकाला. जगात सर्वाधिक डेटा पिणाऱ्यांत आपली गणना होते ती उगीच नाही. आता एक विहीर घ्या, वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल, काठोकाठ भरलेली. गावाकडे अशी विहीर म्हणजे मोठी दौलत. तीत मावतं साडेतीन लाख लिटर पाणी, आपल्या मापात ६,७८७ जीबी. घरच्या भावाने ही अख्खी विहीर मिळते ६८ हजार रुपयांना. दहा केबीला साडेपाच रुपये या भावाने?

३९१ कोटी! एक विहीर! एका लिटरला ११ हजार रुपये!

गंमत अशी की दरपत्रकात ११ हजार कुठेच लिहिलेलं नसायचं. लिहिलेलं असायचं साडेपाच. सगळी करामत मापात आहे. दहा केबी म्हणजे अर्धा मिलिलिटर. अर्ध्या मिलिलिटरच्या भावाने पाणी विकायला काढलं तर ते स्वस्तच दिसणार, कारण अर्धा मिलिलिटर पाणी कुणी पीत नाही आणि दहा केबी डेटा कुणी वापरत नाही. दहा केबीत आजच्या फोनचा साधा फोटो सोडा, त्या फोटोतल्या माणसाचं कपाळसुद्धा येत नाही. विकणाऱ्याने माप निवडलं, तिथेच तो जिंकला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कुटुंबाचा ग्रुप घ्या. चाळीस माणसं, आणि सगळी पहाटे उठणारी. कुणी गुलाबावर दवबिंदू पाठवतं, कुणी उगवता सूर्य, कुणी विठ्ठल. शुभ सकाळच्या एका चित्राचं वजन १५० केबी धरा. फोनला ती आपोआप उतरवायची मुभा असेल तर एका चित्राचे साडेब्याऐंशी रुपये. चाळीस जणांचे ३,३०० रुपये, तेही परदेशातल्या हॉटेलात तुम्ही दात घासायच्या आत. दहा दिवसांच्या सहलीत ३३ हजार रुपयांची शुभ सकाळ! त्यात काकांनी सोळा एमबीचा व्हिडिओ ढकलला, सांधेदुखीवर रामबाण उपाय, तर त्याचे ९,०११ रुपये वेगळे. नातवंडांशी व्हिडिओ कॉल, मिनिटाला पाच एमबी धरून, मिनिटाला २,८१६. दहा मिनिटांत २८ हजार गेले, आणि त्यातली पाच मिनिटं ‘दिसतंय का? ऐकू येतंय का?’ यातच गेलेली.

हा आवाज, हे चित्र जातं तरी कुठून? इथे आणखी एक आकडा दबा धरून बसलाय. परदेशात गेल्यावर तुमचा डेटा बहुतेक वेळा आधी तुमच्या घरच्या कंपनीकडे येतो आणि तिथून जगात जातो. तुम्ही झुरिकमध्ये एका टेबलाशी बसलात, समोर बायको. तिला तुम्ही फोटो पाठवलात. दोघांची सिमं मुंबईची. मधे टेबल अडीच फुटांचं. तो फोटो झुरिकहून मुंबईला आला, सुमारे साडेसहा हजार किलोमीटर, आणि मुंबईहून परत झुरिकला गेला, आणखी साडेसहा हजार. वाटेतला सर्व्हर कुठे असेल तो वळसा निराळा, तो आपण माफ करू. अडीच फुटांसाठी तेरा हजार किलोमीटर! लोहमार्गाने मुंबई-पुणे १९२ किलोमीटर. डेक्कन क्वीन रोज पुण्याहून मुंबईला येते आणि संध्याकाळी परत जाते. तिला एवढं अंतर कापायला ३४ दिवस लागतील. काचेच्या तंतूतला प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, त्याला लागतात ६५ मिलिसेकंद. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. ते कसं होतं हे अभियंत्यांना विचारा, आपण आपले किलोमीटर मोजू.

बरं, यासाठी सीमा ओलांडायलाच हवी असंही नाही. सीमा आपण होऊन तुमच्याकडे चालत येते! इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डोव्हरजवळ सेंट मार्गारेट्स बे म्हणून जागा आहे. मागे पांढरे कडे, पुढे खाडी, आणि खाडीपलीकडे फ्रान्स. खाडीचा सगळ्यात चिंचोळा भाग ३३ किलोमीटरचा, म्हणजे चर्चगेट ते बोरिवली. कड्यांमुळे इंग्लंडचा सिग्नल अडतो आणि पाण्यावरून फ्रान्सचा सिग्नल बिनधास्त चालत येतो. माणूस इंग्लंडच्या वाळूत चहा पितोय आणि फोन म्हणतो, फ्रान्समध्ये आपलं स्वागत आहे. घड्याळही आपोआप एक तास पुढे सरकतं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या काही कंपन्यांनी युरोपातल्या रोमिंगचे पैसे पुन्हा घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासून या फुकटच्या फ्रान्सवारीला किंमत आली.

याहून भारी किस्सा मायामीचा. २००८ सालची गोष्ट. शिकागोच्या फुटबॉल संघाचा एक चाहता मायामी बंदरात क्रूझ जहाजावर बसलेला. जहाज धक्क्याला बांधलेलं, अजून निघालेलंही नाही. त्याने लॅपटॉपला मोबाइलचं कार्ड लावलं आणि आपल्या संघाचा सामना पाहिला. शहराचे टॉवर समोर उभे होते. कार्डाने पकडला जहाजाचा टॉवर, आणि जहाजाचा टॉवर बोलतो उपग्रहाशी. असे उपग्रह बसतात ३६ हजार किलोमीटर उंचीवर, म्हणजे मुंबई-पुणे, मुंबई-पुणे, मुंबई-पुणे असं २४० वेळा, तेही सरळ उभं! बिल आलं २७,७८८ डॉलर ९३ सेंट. तेव्हाच्या भावाने साडेतेरा लाख रुपये. सामना तीन तासांचा धरला तर मिनिटाला साडेसात हजार. माणूस एक इंचही हललेला नाही! बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने ते तीनशे डॉलरच्या आत आणलं, हा भाग वेगळा.

थांबा, ही तर सुरुवात आहे.

एका जर्मन माणसाने फ्रान्समध्ये असताना टीव्हीचा एक कार्यक्रम उतरवला. एक कार्यक्रम. बिल ४६,००० युरो. युरोपीय आयोगाने २००९ मध्ये नवे नियम आणताना हे उदाहरण जगापुढे ठेवलं. तेव्हाच्या भावाने झाले तीस लाख रुपये. त्याच वर्षी आपल्याकडे लाखाची नॅनो गाडी आली होती. एका कार्यक्रमापायी तीस नॅनो!

२०११. फ्लोरिडातल्या एका बाईंच्या खात्यावरचा फोन घेऊन त्यांचा भाऊ दोन आठवडे कॅनडात गेला. दोन हजारांवर मेसेज पाठवले, व्हिडिओ उतरवले. बाईंच्या हाती आलं २ लाख १ हजार ५ डॉलरचं बिल, रुपयांत जवळजवळ एक कोटी. चौदा दिवसांत किती सेकंद? १२ लाख ९ हजार ६००. म्हणजे दर सेकंदाला आठ रुपये. जागेपणी आठ, झोपेत आठ, जेवताना आठ, आंघोळीला गेला तरी आठ. प्रत्येक सेकंदाला लोकलचं पाच रुपयांचं एक तिकीट काढा, वर तीन रुपये सुट्टे घ्या, आणि हे चौदा दिवस, चोवीस तास, न थांबता करत राहा. शेवटी अडीच हजार डॉलरवर तडजोड झाली.

आणि २०२४ मधली बातमी. फ्लोरिडातलंच एक वयस्क जोडपं तीन आठवडे स्वित्झर्लंडला गेलं. फोटो पाठवले, गप्पा मारल्या. वापर झाला साडेनऊ जीबी. साडेनऊ जीबी म्हणजे किती? आपल्याकडचा सरासरी माणूस पंधरवड्यात तेवढा डेटा संपवतो आणि त्याला कळतही नाही. घरच्या भावाने ९५ रुपये, एका थाळीचेसुद्धा नाहीत. बिल आलं १ लाख ४३ हजार ४४२ डॉलर ७४ सेंट. आपले १ कोटी २० लाख रुपये!

पंच्याण्णव रुपये आणि एक कोटी वीस लाख. सव्वा लाख पट. रिक्षांची रांग आता पुण्यात मावत नाही, ती पुण्याहून वळून परत मुंबईला येते आणि तरी तीस किलोमीटरभर रिक्षा शिल्लक राहतात. हेच पैसे घेऊन एक्सप्रेसवेवर जा. मोटारीचा टोल एका फेरीला ३२० रुपये, २०२३ पासूनचा. साडेसदतीस हजार फेऱ्या होतील. एक्सप्रेसवे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. गुणाकार ३५ लाख किलोमीटरच्या पुढे जातो. चंद्र आहे ३ लाख ८४ हजारांवर. म्हणजे चार वेळा चंद्रावर जाऊन परत आलात, पाचव्यांदाही चंद्रावर पोचलात, आणि परतीच्या वाटेवर टोलचे पैसे संपले! या जोडप्याचं बिल कंपनीने पुढे पूर्ण माफ केलं, नाहीतर बिचारे तिथेच अडकले असते.

(कुणी म्हणेल, याहून मोठं बिल आम्ही वाचलंय. वाचलं असेल. २०१२ मध्ये फ्रान्समध्ये एका बाईंना फोन बंद करताना ११,७२१ लाख कोटी युरोचं बिल गेलं होतं. खरी रक्कम ११७ युरो २१ सेंट. ती छपाईची चूक होती, शिवाय त्यात रोमिंगही नव्हतं. आपल्या या बिलांच्या शर्यतीत फक्त मीटरने खरोखर मोजलेले आकडे.)

स्वित्झर्लंडचं नाव निघालं की मराठी माणसाने कान टवकारावेत. आपल्या युरोप सहलींची बस एका दिवसात काय काय करते बघा. सकाळी जर्मनीतून निघते, ऱ्हाईनच्या धबधब्याशी फोटो काढते, तिथे स्वित्झर्लंड लागलेलं असतं. पुढे कधीतरी वाडुझला चहापाणी, म्हणजे लिक्टनस्टाइन, अख्खा देश १६० चौरस किलोमीटरचा, मुंबईत असे तीन मावून वर जागा उरेल. मग ऑस्ट्रियात मुक्काम. जर्मनी आणि ऑस्ट्रिया युरोपीय संघात, लिक्टनस्टाइन संघात नसूनही रोमिंगच्या नियमात, आणि मधोमध स्वित्झर्लंड मात्र नियमाबाहेर! सीमा ओलांडली हे बसमध्ये बसून फारसं कळतही नाही. खिशातला फोन तेवढा दर वळणावर थरथरतो. पहिला मेसेज स्वागताचा, दुसरा स्वागताचा, तिसरा स्वागताचा, आणि त्यातल्या एकात भाव बदललेला असतो. युरोपचं सिम घेतलं म्हणून निर्धास्त बसणाऱ्यांनी त्या यादीत स्वित्झर्लंड आहे की नाही हे घरूनच बघून निघावं. बर्फाच्या डोंगरावर उभं राहून काढलेला तीन एमबीचा एक फोटो त्या जोडप्याच्या भावाने ३,७०० रुपयांना पडतो. बर्फात नाचतानाचा व्हिडिओ किती एमबीचा असतो, तुम्हीच बघा.

मीटर एवढा पळतो आणि आधी कळत कसं नाही? कारण मीटर दुसऱ्याच्या घरात असतो. परदेशी कंपनी वापराची नोंद करते, टॅप नावाच्या फायलीत घालून तुमच्या कंपनीला पाठवते, आणि ती फाइल पोचेपर्यंत तुम्ही आणखी चार व्हिडिओ पाहून मोकळे झालेले असता.

युरोपाने मग हा मीटर कसा आवळला, तेही आकड्यांतच बघण्यासारखं आहे. २००७ मध्ये बोलण्याचे दर बांधले, मिनिटाला जास्तीत जास्त ४९ सेंट. १ जुलै २०१० पासून नियम झाला की ग्राहकाने वेगळं सांगितलं नसेल तर ५० युरोला डेटा तोडायचा. कुठे ४६,००० आणि कुठे ५०! २०१२ मध्ये ग्राहकाला एमबीचा भाव ७० सेंटच्या वर लावायचा नाही असं ठरलं, २०१३ मध्ये ४५, २०१४ मध्ये २०. आणि १५ जून २०१७ ला संघाच्या आत रोमिंगचा जादा आकारच रद्द! पण खरा चमत्कार ग्राहकाला न दिसणाऱ्या भावात आहे, म्हणजे एक कंपनी दुसऱ्या कंपनीला जो घाऊक भाव लावते त्यात. २००९ मध्ये त्याची कमाल मर्यादा होती एका एमबीला एक युरो. २०२७ साठी ठरवलेली मर्यादा आहे एका जीबीला एक युरो. एमबीच्या जागी जीबी, बस! अठरा वर्षांत हजारावा हिस्सा. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर होतं, ते उरलं दीडशे मीटर. चाळीस फुटी विहिरीत उरलं अर्धा इंच पाणी. आणि एवढं होऊनही कुठल्या कंपनीला टाळं लागल्याचं ऐकलेलं नाही. मग आधी त्या विहिरीत काय भरलं होतं, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

आपल्याकडेही सीमा होत्या, देशाच्या आतच. टेलिकॉमच्या नकाशात मुंबई एक सर्कल, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं, कर्नाटक तिसरं. कोल्हापूरहून निपाणीला निघालं, कागल मागे पडलं की फोन परमुलखात. २००७ मध्ये ट्रायने बांधून दिलेला कमाल दर होता येणाऱ्या कॉललाही मिनिटाला १ रुपया ७५ पैसे. फोन त्यांनी केला, पैसे आपण भरायचे! लग्न जमल्याची बातमी सांगायला मावशीने वीस मिनिटं लावली की ३५ रुपये. तेव्हा माणसं ‘रोमिंगमध्ये आहे, ठेवतो’ एवढंच बोलून फोन ठेवत. आज ते ३५ रुपये आठवले की हसू येतं, पण त्या हिशेबाने मावशीच्या बोलण्याचा तास १०५ रुपयांचा होता आणि मावशी तासात आटपत नसे.

माणसाला निदान फोन बंद करता येतो. पक्ष्यांचं काय?

पोलंडच्या अभ्यासकांनी एका पांढऱ्या करकोच्याच्या पाठीवर सिम घातलेलं यंत्र बसवलं. त्याचं नाव कायटेक. स्वारी उडत उडत सहा हजार किलोमीटरवर सुदानमध्ये पोचली आणि यंत्राचा पत्ता हरवला. २०१८ मध्ये संस्थेला बिल आलं, १० हजार झ्लॉटींच्या वर, आपले १ लाख ८५ हजार रुपये. कुणीतरी यंत्रातलं सिम काढून आपल्या फोनमध्ये घातलं होतं आणि वीस तास गप्पा मारल्या होत्या! मिनिटाला दीडशे रुपये. मावशीपेक्षा नव्वद पट.

आणि आता आपल्या शर्यतीतला सगळ्यात उंच उडणारा गडी. रशियातले शास्त्रज्ञ स्टेप ईगल जातीच्या गरुडांचा माग काढतात. गरुडाच्या पाठीवरचं यंत्र आपला ठावठिकाणा एसएमएसने कळवतं. २०१९ मध्ये मिन नावाचा गरुड उन्हाळाभर कझाकस्तानात अशा भागात राहिला, जिथे नेटवर्कच नव्हतं. एसएमएस साठत गेले, साठत गेले. कझाकस्तानातून ते गेले असते तर एकेकाला १५ रूबल पडले असते. हिशेब तसाच मांडला होता. मिनने काय करावं? नेटवर्क यायच्या आत थेट इराणमध्ये उडी घेतली! तिथे यंत्राला सिग्नल मिळाला आणि उन्हाळ्याचा सगळा साठा एकदम सुटला. एका एसएमएसला ४९ रूबल. सगळ्या गरुडांसाठी ठेवलेला पैसा एकट्या मिनने उडवला. शास्त्रज्ञांनी लोकांपुढे हात पसरले, गरुडाच्या फोनमध्ये पैसे टाका म्हणाले, आणि लाखावर रूबल जमले. कंपनीलाही दया आली, तिने कर्ज माफ करून स्वस्त दर देऊ केला.

आता कॅलक्युलेटर पुन्हा जवळ ओढा. एका एसएमएसमध्ये मावतात १४० बाइट. एका एमबीसाठी ७,४९० एसएमएस. गुणिले ४९. एका एमबीला ३ लाख ६७ हजार रूबल, म्हणजे तेव्हाचे ४ लाख रुपये! ब्रिटनमध्ये लेस्टर विद्यापीठाच्या डॉ. नायजेल बॅनिस्टर यांनी २००८ मध्ये हिशेब केला होता की हबल दुर्बिणीकडून अवकाशातून एक एमबी माहिती आणायला ८५ पौंड पडतात. तेव्हाचे सात हजार रुपये. पाचशेहून अधिक किलोमीटर उंचीवरून, ताशी २७ हजार किलोमीटरने धावणाऱ्या दुर्बिणीकडून, दूरच्या तारकाविश्वांची चित्रं, सात हजारांत. आणि ‘मी इराणमध्ये आहे’ हे सांगायला गरुडाचे चार लाख. सत्तावन्न हबल!

एक जीबी? त्याला लागतील शहात्तर लाख एकोणसत्तर हजार एसएमएस. दिवसाला दहा धरले तरी एकवीसशे वर्षं. म्हणजे सातवाहनांच्या काळात पैठणवरून उडालेल्या गरुडाचा एक जीबी आत्ता कुठे पुरा होतोय. आणि बिल? ३७ कोटी ५८ लाख रूबल. ४१ कोटी रुपये. एका जीबीचे!

गरुडाच्या भावाने आपली ती विहीर भरू. वीस फुटांचा व्यास, चाळीस फूट खोली, ६,७८७ जीबी, प्रत्येक जीबी ४१ कोटींचा. एक लिटर पाणी ७८ लाखांना. एक हंडा तेरा-चौदा कोटींना. आणि काठोकाठ भरल्यावर २ लाख ७८ हजार कोटी रुपये! मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन, ५०८ किलोमीटरची, रूळ, पूल, बोगदे, स्थानकं आणि गाड्यांसकट, तिचा मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटींचा. एका विहिरीत मुंबई-अहमदाबाद एक बुलेट ट्रेन, तिच्या शेजारी दुसरी, आणि तिसरीही टाकायला घ्या, अर्ध्या वाटेच्या थोडी पुढे जाईपर्यंत पैसे पुरतात.